माळवदाचे पाच निबंध

जून १९९३. आम्ही नववीत गेलो आणि मराठीच्या पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर पाच शब्द लिहिले : वर्णन, प्रसंग, आत्मवृत्त, कल्पना, विचार. त्याखाली एक रेघ मारली आणि एकच विषय लिहिला, माळवद. म्हणजे आमच्याकडचं मातीचं सपाट छत, आणि तसं छत असलेलं घरही. वर्षभरात पाच निबंध लिहायचे आणि पाचही माळवदावर. वर्गात कुजबुज सुरू झाली. तोवर निबंध म्हणजे गाईडमधला पावसाळा नाहीतर माझी आई, पाठ करून उतरवायचा. माळवदावर गाईडमध्ये काही मिळण्याची सोयच नव्हती.

सर म्हणाले, निबंध म्हणजे नीट बांधलेलं. पण इंग्रजीतला ‘एसे’ हा शब्द ज्या फ्रेंच शब्दावरून आला, त्याचा अर्थ आहे प्रयत्न. मोंतेन नावाच्या माणसाने १५८० साली आपल्या लेखनाला तेच नाव दिलं. “तुम्ही आधी प्रयत्न करा, बांधायचं कसं ते मग बघू.” मी आज स्वतः मराठी शिकवतो, आणि नववीच्या पहिल्या तासाला हेच सांगतो.

पहिला निबंध वर्णनाचा. सुंदर, मनमोहक, निसर्गरम्य हे शब्द सरांनी बंद करून टाकले. सांगितलं, घरात एका जागी बसा आणि तिथून जे दिसतं तेवढंच लिहा, जागा सोडू नका. मी रविवारी कणगीला टेकून बसलो. आमच्या घराच्या भिंती दोन हात जाड. वर खांब, तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर थापलेली पांढरी माती. उजेडासाठी मधोमध सानं, म्हणजे छतात ठेवलेलं भोक. सान्यातून पडलेला उन्हाचा कवडसा सकाळी भिंतीवर होता, मग खाली उतरून जात्यापाशी आला आणि दुपार कलली तसा समोरच्या भिंतीवर चढला. त्याच्यात धूर आणि धूळ फिरताना दिसायची. जन्मापासून त्या घरात राहून मी ते कधी पाहिलंच नव्हतं. सरांनी त्या तीन ओळींखाली रेघ ओढली आणि समासात लिहिलं, “हे तू पाहिलंस.” बाकीचं पान त्यांनी खोडलं होतं. खोडलेलं सगळं मी पाहिल्याशिवाय लिहिलं होतं.

दुसरा निबंध ऑक्टोबरात होणार होता. त्याआधी ३० सप्टेंबरची पहाट आली.

आदल्या रात्री गणपती बुडवून माणसं दमून झोपली होती. पहाटे चारला काही मिनिटं असताना जमीन हलली. भूकंपाचं केंद्र किल्लारीजवळ, आणि किल्लारी आमच्याच, लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातली. आमच्या गावात भिंतींना तडे गेले, माणसं वाचली. तिकडे गावंच्या गावं झोपेत गाडली गेली, जवळपास आठ हजार माणसं गेली. ज्या घरावर आम्ही निबंध लिहीत होतो, तसल्याच घरांखाली.

शाळा उघडली तेव्हा कोणी वर्गात बसायला तयार नव्हतं. तास लिंबाखाली भरायचे. सर विषय बदलतील असं आम्हाला वाटलं होतं. त्यांनी विचारलं, “बदलू का?” कोणीच काही बोललं नाही. तेव्हा ते म्हणाले, ज्याला लिहायचं नसेल त्याने लिहू नये, पण विषय तोच राहील.

वर्गात एक मुलगी नवीन आली होती. पडलेल्या एका गावातली, मामाकडे राहायला आलेली. प्रसंगलेखन कसं करायचं हे सरांनी त्या दिवशी सगळ्यांना सांगितलं, पण ते तिच्यासाठीच होतं हे मला फार उशिरा कळलं. सगळा भूकंप लिहू नका, म्हणाले. एक जागा घ्या, थोडा वेळ घ्या. जिथे काहीतरी घडायला लागलं तिथूनच सुरू करा, त्याच्या आधीचं सोडून द्या. घडलं ते सांगा. किती वाईट वाटलं ते वाचणाऱ्याला कळतं.

तिने अर्धं पान लिहिलं. सरांनी तिला विचारून वर्गात वाचलं. त्यात रडणं नव्हतं, देव नव्हता. मिरवणुकीहून उशिरा आलेला भाऊ ओट्यावरच झोपला होता आणि त्याने तिला हाताने माती उकरून काढलं, एवढंच होतं. शेवटी दोन वाक्यं होती : “उजाडल्यावर पाहिलं तर घराचे खांब उभे होते. भिंती नव्हत्या.” त्या कागदावर लाल शाई लागली नाही. ‘मिरवनूक’ तसंच राहिलं. इतकी वर्षं मी मुलांच्या वह्या तपासतो आहे, तसं अर्धं पान पुन्हा हातात आलं नाही.

आत्मवृत्ताला आम्ही सगळ्यांनी “ओळखलंत का मला?” अशीच सुरुवात केली होती. सरांनी सगळ्या वह्या परत दिल्या. माळवदाला काय माहीत असेल ते आधी ठरवा, म्हणाले. वरून चालणाऱ्यांची पावलं त्याला माहीत, वाळत घातलेल्या कुरडया माहीत, खालचा धूर माहीत. मुंबईहून कोण मंत्री आले ते त्याला कुठून कळणार? बऱ्याच जणांनी माळवदाला माफी मागायला लावली होती. सर म्हणाले, ते तुम्ही बोलताय, माळवद नाही. कल्पनेच्या निबंधाला नियम एवढाच होता की एकच गोष्ट बदलायची, बाकी जग जसं आहे तसंच चालू द्यायचं. मी लिहिलं, जमीन हलणार हे तासभर आधी कळलं असतं तर. सरांनी समासात विचारलं, “पहिल्यांदा कोणाला उठवलं असतंस? का?” या एका प्रश्नावर माझी आणखी दोन पानं झाली.

वैचारिक निबंधाचा विषय होता, दगडमातीची घरं पाडावीत का? त्या दिवसांत गावात इंजिनिअर यायचे. सरांनी आम्हाला त्यांच्या मागे पाठवलं, विचारून या म्हणून. त्यांनी दाखवलं की आपली जाड भिंत एक नसते, दोन असतात. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मधे माती आणि बारीक दगड. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड घातलेले नसतात, म्हणून हादरा बसला की दोन्ही थर फुगून सुटतात. वर दरवर्षी गळतीसाठी टाकलेली माती साचून साचून हात-दीड हात झालेली, ते सगळं वजन खाली येतं. बऱ्याच ठिकाणी खांब-तुळयांचे लाकडी सांगाडे टिकले होते. त्या मुलीचं शेवटचं वाक्य तेव्हा कळलं.

मी जोरात लिहिलं, सगळी माळवदं पाडा. वर्णनाच्या निबंधातल्या भिंतीच्या ओळीही त्यात घेतल्या, कारण सरांनी सांगितलं होतं की भिंत दाखवल्याशिवाय ती का पडली हे पटवता येत नाही. वही परत आली ती एकाच शेऱ्यासह, “दुसरी बाजू कुठे आहे?”

दुसरी बाजू आमच्या घरातच होती. आबा. सगळं गाव पत्र्याच्या शेडमध्ये झोपत होतं तेव्हा आबा आतच झोपायचे. मी वही घेऊन त्यांच्यापुढे बसलो. ते म्हणाले, उन्हाळ्यात पत्र्याखाली बसून दाखव. म्हणाले, सिमेंटचं बांधायला पैसा कोण देणार? म्हणाले, हे तुझ्या पणज्यानं बांधलंय, माती वाहायला सगळी भावकी होती. मी सगळं लिहून घेतलं, न बदलता. मग त्या प्रत्येकाला उत्तर शोधत बसलो. भावकीच्या मुद्द्याला मला उत्तर सापडलं नाही, आणि सापडलं नाही असंच मी लिहिलं. दहापैकी आठ गुण मिळाले. सरांनी वर्गात सांगितलं, ते आठ त्या एका ओळीचे आहेत.

आता दहावीच्या परीक्षेला प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन असे पर्याय असतात. मुलं मोबाईलवरून तयार निबंध उतरवून आणतात. मी त्यांच्यावर रागावत नाही, आमच्या हातात गाईड होतं. मी त्यांना एकच विषय देतो, वर्षभरासाठी. यंदा वस्तीवरची पाण्याची टाकी दिली आहे. वर्णनाच्या पहिल्या वीस वह्यांत टाकी ‘भव्य’ होती. परत दिल्या.

तो माळवदं पाडण्याचा निबंध मी तेव्हा रात्री कंदिलाच्या उजेडात आबांना वाचून दाखवला होता. ते शेवटपर्यंत ऐकत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, “माझं बोलणं बी लिवलास की.” आणि बिडी पेटवून बाहेर गेले. पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यांनी दोन गडी बोलावले आणि माळवदावरची निम्मी माती उतरवली. निम्मी ठेवली.