बेरा टेस्ट आणि ‘बाळाला झोपवून आणा’

बेरा, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते मोजणारी ऐकण्याची टेस्ट. तिची वेळ देताना फोनवर एकच सूचना मिळते, “बाळाला झोपवून आणा.” माझा सगळा राग त्या सूचनेवर आहे, कारण ती जशीच्या तशी पाळली की टेस्ट हमखास फसते.

मूल उशिरा बोलतंय असं वाटलं की पहिली तपासणी कानांची. दोन वर्षांच्या आसपास दोन शब्द जोडता यायला हवेत. “दार आपटलं की वळून बघतो की!” यावर विसंबू नका. दाराचा आवाज खालच्या पट्टीतला असतो. वरच्या पट्टीचं ऐकणं कमी असलेलं मूलही त्याला वळतं आणि बोलण्यातले स, श, फ मात्र त्याला कळत नाहीत.

ओएई, म्हणजे कानात आवाज सोडून आतल्या कानाचा प्रतिसाद टिपणारी तपासणी, चटकन होते. त्यात ‘रेफर’ (पुढे तपासा) आलं म्हणजे बहिरेपण ठरलं असं नाही; मळ किंवा सर्दीचं पाणी असलं तरी तसं येतं. ‘पास’ही शेवटचा शब्द नव्हे, कारण ती फक्त आतल्या कानापर्यंतच तपासते. पुढच्या नसेचं काम बेरात कळतं.

आता झोपेचं. कपाळावर आणि दोन्ही कानांमागे इलेक्ट्रोड लावतात, कानात टिक-टिक आवाज सोडतात आणि मेंदूकडे जाणारे संकेत टिपतात. हे संकेत एक मायक्रोव्होल्टपेक्षाही क्षीण असतात, म्हणून हजारो आवाजांची सरासरी काढावी लागते. मुलाने नुसतं चोखलं किंवा मान हलवली तरी स्नायूंची वीज त्यावर मात करते. म्हणून गाढ झोप हवी, तीही तास-दीड तास.

इलेक्ट्रोड लावण्याआधी खरखरीत जेलने कातडी घासतात. गाडीत झोपलेलं मूल तिथेच दचकून उठतं. आणि वाटेत अर्धा तास डुलकी झालेली असली की पुढे कितीही थोपटा, ते टक्क जागं! मग तंत्रज्ञ घड्याळाकडे बघतात आणि हातात नवी तारीख पडते. चूक मुलाची नसते, क्रमाची असते.

जमणारा क्रम असा: आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा. वाटेत शेजारी कुणीतरी बसून मुलाला जागं ठेवायचं. गाडी चालवणाऱ्याने एकट्याने हे जमवू नये. मूल पेंगुळलेलं पण जागं असताना इलेक्ट्रोड लावून घ्या, मग दूध पाजून अंधाऱ्या खोलीत झोपवा, आणि कानातले इयरफोन झोप लागल्यावर. हात चादरीत गुंडाळा, नाहीतर तारा ओढल्या जातात. आदल्या दिवशी डोकं धुवा. तेल, क्रीम, पावडर काही नको, इलेक्ट्रोड चिकटत नाहीत.

पण झोपेचं औषध देणार असतील तर दुधाचं गणित उलटं होतं, तेव्हा पोट रिकामं हवं. वेळ ठरवतानाच विचारा: नैसर्गिक झोप की औषध? औषध असेल तर किती तास आधी काय बंद करायचं, तेही तिथूनच लिहून घ्या. डोस वजनावर ठरतो, म्हणून घरून काहीही पाजून नेऊ नका. त्या दिवशी सर्दी-ताप असेल तर आधीच कळवा. परतताना गुंगीत मान छातीवर पडू देऊ नका. श्वासाला अडथळा होतो.

वेळही त्यांच्या सोयीची घेऊ नका, मुलाच्या नेहमीच्या झोपेची मागा. इथे भीड ठेवली तर सगळी तयारी वाया. मूल मध्येच उठलं तरी झालेल्या भागाचा रिपोर्ट मागून घ्या, पुढच्या वेळी तिथून सुरुवात करता येते.

रिपोर्टमध्ये पाचवी लहर (त्या संकेतांच्या आलेखातली मुख्य लाट) किती डेसिबलपर्यंत दिसली ते प्रत्येक कानाचं वेगळं बघा. टिक-टिक आवाजावर होणारी क्लिक बेरा मुख्यतः 2000 ते 4000 हर्ट्झचाच अंदाज देते. खालच्या पट्टीसाठी 500 हर्ट्झची टोन-बर्स्ट (एकाच पट्टीच्या छोट्या आवाजावर होणारी बेरा) करणार का, ते विचारा.

नवजात बाळांत हे सगळं फार सोपं जातं, ती पाजलं की झोपतात. म्हणूनच पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार हा नियम पाळण्यात शहाणपण आहे.

आणि हो, पडद्यामागे पाणी आहे का ते सांगणारी टिम्पॅनोमेट्री त्याच दिवशी करून घ्या. तिच्यासाठी झोपेची गरज नाही, मूल दोन मिनिटं शांत बसलं की पुरे. पाणी असेल तर बेराचे आकडे त्यामुळेही बिघडतात, आणि हे डॉक्टरांना रिपोर्ट वाचताना माहीत हवं.