‘लगान’ ज्याच्यापुढे हरला

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. सिनेमावर लिहायला लागल्यापासून मला बाकी प्रश्न बदलून बदलून येतात, हा एक मात्र ठरलेला: परभाषिक चित्रपटाचं ‘लगान’चं ऑस्कर ज्या सिनेमानं नेलं, तो खरंच एवढा चांगला होता का?

होता. माझ्या मते ‘लगान’पेक्षा सरस होता, आणि ‘लगान’ मला आजही मनापासून आवडतो.

मार्च २००२मध्ये निकाल लागला तेव्हा मीही चिडले होते. ‘नो मॅन्स लँड’ हे नाव तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं. दिग्दर्शक दानिस तानोविच, देश बोस्निया, आणि हा त्याचा पहिलाच कथापट. मग कारणं शोधली गेली. कुणी म्हणालं, पावणेचार तासांचा ‘लगान’ परीक्षकांनी बघितलाच नसणार. पण त्या काळी या विभागात मत द्यायचं तर पाचही चित्रपट थिएटरात जाऊन बघावे लागत. कुणी म्हणालं, अकरा सप्टेंबरनंतर युद्धपटाला झुकतं माप मिळालं. पण कान महोत्सवात याच्या पटकथेला पुरस्कार मिळाला तो मे २००१मध्ये, म्हणजे त्या हल्ल्याच्या आधी. पुढे पदार्पणासाठीचा सेझार हा फ्रान्सचा चित्रपट पुरस्कार आणि गोल्डन ग्लोबही याच सिनेमानं घेतला. ‘लगान’वर अन्याय झाला, असं म्हणायला मला तरी जागा दिसत नाही.

गोष्ट १९९३ची, बोस्नियातल्या युद्धातली. दोन फौजांच्या मधल्या ओसाड खंदकात बोस्नियाक (म्हणजे बोस्नियातला मुस्लिम) चिकी आणि सर्ब नीनो अडकतात. तिसरा, त्सेरा, मेला असं समजून सर्बांनी त्याच्या अंगाखाली उसळणारा सुरुंग पुरून ठेवलेला. तो शुद्धीवर येतो, आणि हलला तर तिघेही जातील.

समीक्षकांनी यातल्या काळ्या विनोदाचं भरभरून कौतुक केलं. मला मात्र आठवतो तो एक प्रसंग. बंदूक चिकीच्या हातात असते. तो नीनोला विचारतो, युद्ध कुणी सुरू केलं? नीनो आधी वाद घालतो, मग नळीकडे बघून म्हणतो, आम्ही. थोड्या वेळानं बंदूक नीनोकडे येते. तोच प्रश्न, आणि आता चिकी म्हणतो, आम्ही. प्रेक्षक हसतात, मीही हसले होते. ‘दिग्दर्शक दोन्ही बाजूंना एकाच तराजूत तोलतो’ असा आक्षेप काहींनी घेतला, तो मुख्यतः यावरून. मला तसं वाटत नाही. दोघं सारखेच दोषी आहेत, असं तानोविच कुठंच म्हणत नाही. बंदूक रोखून वदवून घेतलेल्या कबुलीला काडीची किंमत नसते, एवढंच तो दाखवतो. पुढं दोघांना कळतं की बान्या लुका या शहरातली एक मुलगी दोघांच्याही ओळखीची आहे. क्षणभर दोघांचे चेहरे उजळतात. बस, तेवढंच.

दुसरा आक्षेप होता की संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी आणि पत्रकार व्यंगचित्रासारखे झालेत. हा अर्धा पटतो. कर्नलसाहेबांबरोबर हेलिकॉप्टरमधून उतरणारी तोकड्या स्कर्टमधली सेक्रेटरी मलाही ढोबळ वाटते. पण जबाबदारी टाळणारा कर्नल? स्रेब्रेनित्सा हे बोस्नियातलं गाव संयुक्त राष्ट्रांनीच १९९३मध्ये ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केलं होतं. जुलै १९९५मध्ये तिथं शांतिसैनिक हजर असताना गाव पडलं आणि आठ हजारांहून जास्त बोस्नियाक पुरुष आणि मुलगे मारले गेले. हे ठाऊक असताना त्या कर्नलला अतिशयोक्ती म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता शेवटाबद्दल. सिनेमा बघायचा असेल तर इथं थांबा.

सुरुंग निकामी करता येत नाही, असं तज्ज्ञ सांगतो. चिकी नीनोला मारतो आणि शांतिसैनिकाच्या गोळीनं स्वतः मरतो. त्सेराला वाचवल्याचं नाटक करून रिकामं स्ट्रेचर हेलिकॉप्टरकडे नेलं जातं. कॅमेरामन वार्ताहर बाईंना विचारतो, खंदकाचं चित्रीकरण करू का? त्या नको म्हणतात. खंदक काय, सगळे सारखेच. गाड्या निघून जातात.

या जागी मला तानोविचचं आयुष्य आठवतं. बोस्नियाची राजधानी सारायेवोत तो सिनेमा शिकत होता. युद्धानं शिक्षण तोडलं, तेव्हा वेढ्यातल्या शहरात बोस्नियाच्या सैन्यासाठी कॅमेरा घेऊन तो आघाडीवर फिरला. त्यामुळे त्या बाई जे टाळतात ते तो टाळत नाही. सगळे गेल्यावर त्याचा कॅमेरा खंदकातच थांबतो, मग हळूहळू वर वर जातो. खाली त्सेरा पाठीवर पडलेला, जिवंत, आणि अंधारून येतंय.