नाक खाजवायची सोय

विज्ञानकथांवर माझा एक जुना राग आहे: त्यात कुणाचं नाक म्हणून खाजत नाही. यानात, चंद्रावर, मंगळावर नायक एकाच चकचकीत सूटात हिंडतो आणि त्याला साधा घामही येत नाही. खऱ्या अंतराळवीराच्या हेल्मेटात कान मोकळे करताना नाक दाबायला एक स्पंजचा ठोकळा असतो. बरेच जण त्यावरच नाक घासून घेतात. कथेत असं काही आलं, की माझा लेखकावर विश्वास बसतो.

आमच्या यवतमाळकडे सूट म्हणजे फवारणीचा. २०१७ साली पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी-मजूर गेले, तेव्हापासून या किटची चर्चा गावोगाव. मास्क, चष्मा, हातमोजे, अंगभर झगा. पण ऑक्टोबरचं ऊन, त्यात पाठीवर भरलेला पंप. "घालून त पाहा भाऊ," आमच्या वावरात फवारणीला येणारा म्हणाला, "अर्ध्या घंट्यात उकडून निघते माणूस."

नासाची अडचण नेमकी हीच होती. बाहेर हवाच नाही, तर अंगातली उष्णता जाणार कुठं? म्हणून आतल्या कपड्यात नव्वदेक मीटर बारीक नळ्या शिवतात, त्यांतून गार पाणी खेळवतात. साठलेली उष्णता बाहेर टाकायला थोड्या पाण्याचा बर्फ होऊ देऊन त्याची थेट वाफ करतात. आपल्या कूलरच्या ओल्या ताट्यांचाच थोरला भाऊ म्हणा.

बरं, सगळीकडे एकच सूट चालतही नाही. रशियाच्या सोयुझ यानातला सूट आतली हवा गळालीच तर जीव वाचवायला. तो बसण्यासाठी बेतलेला, म्हणून घालून चालताना माणूस वाकतो. यानाबाहेर तरंगताना सगळी मेहनत हातांची. चंद्रावर पाय लागतात, वर ती काचेसारखी बोचरी धूळ सांध्यांत शिरते. आणि तरंगताना वजन जाणवत नाही म्हणून शंभर किलोंवरचा सूट खपून जातो. मंगळावर तोच चाळीसेक किलोंचा भार होईल. भरल्या पंपाच्या जवळपास दुप्पट!

म्हणून माझ्या कथेतल्या मंगळवस्तीत सगळ्यात जास्त मान शिंपिणीला. अपोलोचे सूट तरी कुणी शिवले? बायकांची अंतर्वस्त्रं बनवणाऱ्या कंपनीतल्या कारागीर बायांनी. एखादी टाचणी आत राहिली तर घात, म्हणून सूटांचे एक्स-रे काढत.

हे सगळं त्या फवारणीवाल्या भाऊला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हेल्मेट घातल्यावर खर्रा कसा खावा?"

पाण्याची पिशवी आत असते, नळी तोंडाशी येते. आमच्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचं मात्र नासानं काही केलेलं नाही. आणि केलं तरी, थुंकायचं कुठं?