मुंग्या आल्या!

इंग्लंडच्या नकाशाचं नैर्ऋत्येकडे समुद्रात घुसलेलं टोक म्हणजे कॉर्नवॉल. उन्हाळ्यात सेंट आइव्ह्‌जच्या अरुंद गल्ल्यांत पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागली, की तिथला माणूस कपाळाला आठ्या घालून म्हणतो, 'एमेट्स!' म्हणजे मुंग्या. झुंडीनं येतात, उन्हात लाल होतात आणि दिसेल त्या फटीत शिरतात. त्याचा वैतागही खराच म्हणा. घरांच्या किमती काही त्यानं वाढवलेल्या नाहीत, सुट्टीपुरती घरं घेणाऱ्या बाहेरच्यांनी वाढवल्यात. नवी घरं फक्त कायम राहणाऱ्यांनाच मिळावीत, असा कौल सेंट आइव्ह्‌जनं २०१६ साली देऊन टाकला.

हा एमेट आपल्या जुन्या कॉर्निश भाषेतला, असं तिथे पुष्कळांना वाटतं. पण तो अस्सल इंग्रजी निघाला! जुन्या इंग्रजीतल्या 'ॲमेते'चा घासून घासून एकीकडे 'अँट' झाला, दुसरीकडे 'एमेट'. जर्मनमधली 'आमाइझं' याच घरातली. म्हणजे पाहुण्यांना हिणवायचं, तेही पाहुण्यांच्याच शब्दानं.

कॉर्निशमध्ये मुंग्यांना 'मोर्यन' म्हणतात. ही भाषा आईच्या तोंडून शिकलेली शेवटची बाई म्हणून डॉली पेंट्रीथचं नाव घेतात. ती १७७७ मध्ये वारली. भाषा गेली, पण मुंग्या चिवट. पश्चिमेकडच्या खेड्यांत इंग्रजी बोलतानाही लोक 'मुर्यन'च म्हणत राहिले. रॉबर्ट हंट यांनी १८६५ मध्ये छापलेल्या लोककथांत तर या मुर्यनांचा थाट बघावा. तिथली बुटकी अद्भुत माणसं वर्षानुवर्षं लहान लहान होत जातात, शेवटी मुंग्या होतात आणि मग नाहीशीच होतात. आणि चंद्राची नेमकी कला साधून वारुळात कथलाचा तुकडा ठेवला, तर त्याची चांदी होते! गावोगाव कथलाच्या खाणी असलेल्या मुलखाला दुसरं कसलं स्वप्न पडणार?

भाषांची कुळं जुळवणारे पंडित या मोर्यनला फारसी 'मूर' आणि संस्कृत 'वम्री' यांच्या पंगतीत बसवतात. वारूळ या अर्थाचा 'वल्मीक'ही बहुधा त्याच गोतावळ्यातला, आणि त्यावरूनच आपले वाल्मीकी. तेव्हा तिकडे फिरायला गेलेल्या मराठी माणसाला कुणी एमेट म्हटलंच, तर त्यानं खुशाल सांगावं, की बाबा रे, तुझ्या मोर्यनशी एमेटचं काही नातं नाही. आमच्या वाल्मीकींचं मात्र लांबचं का होईना, आहे.