सकाळी यमन ऐकला तर?

यमन हा संध्याकाळनंतर गायचा राग. तो सकाळी ऐकला तर काय होतं, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पंचवटीत माझा गाण्याचा क्लास आहे. दारात चपला घालता घालता कुणीतरी हमखास विचारतंच, "सर, सकाळी यमन ऐकला तर काही होतं का हो?"

काही होत नाही. कर्नाटक संगीतात आज वेळेचा एवढा आग्रह धरत नाहीत, आणि त्यांचं गाणं उत्तम चाललंय. पण वेळ कानाला कशी फसवते, ते मात्र मी पाहिलंय.

भूप आणि देसकार हे दोन राग, दोघांचे स्वर तेच पाच: सा रे ग प ध. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, गंधारावर, म्हणजे ग वर विसावणारा. देसकार सकाळचा, तो धैवताला, म्हणजे ध ला धरून सप्तकाच्या वरच्या भागात रमतो. (देवाला उठवायची भूपाळी पहाटेची आणि भूप दिवेलागणीनंतरचा, ही आपली आणखी एक गंमत.) एकदा संध्याकाळी सातच्या बॅचला मी काही न सांगता देसकार गायलो. धैवतावर चांगलं ठाण मांडलं. "कोणता राग?" सगळे एका सुरात, "भूप!" रविवारी सकाळी साडेसहाला पुन्हा तोच आलाप. या वेळी दोघींनी माना तिरक्या केल्या आणि सतरंजीच्या टोकाला बसलेली म्हणाली, "भूप नाही सर. तुम्ही ग वर थांबतच नाही."

थांबलो तर मी संध्याकाळीही नव्हतो!

यात सवयीचा वाटा मोठा. संगीताचे शास्त्र लिहिणाऱ्या पं. भातखंड्यांनी मांडलेला नियम आपण लहानपणापासून ऐकतो: कोमल रिषभ (रे) पहाट आणि तिन्हीसांज या दोन्ही संधिकाळांचा, शुद्ध मध्यम (म) बहुधा सकाळकडे झुकणारा, तीव्र मध्यम संध्याकाळकडे. राग असा वेळेशी जोडायची सवय लागली की संध्याकाळी कान आधीच भूप धरून बसतो. पण सगळं काही सवयीवर ढकलता येत नाही. पहाटे रिक्षा सुरू झालेल्या नसतात, तेव्हा तानपुऱ्याच्या खर्जातून, म्हणजे खालच्या सा च्या तारेतून, आपोआप उमटणारा गंधार ऐकू येतो. संध्याकाळी तो रस्त्याच्या गोंगाटात बुडतो. बाहेर तर हवासुद्धा कामाला लागते. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, म्हणून लांबचा आवाज वर निसटून न जाता खाली वळतो. उपनगरातल्या आमच्या घरी डिसेंबरात नाशिकरोडच्या गाडीचा भोंगा उशाशी वाजल्यासारखा येतो. दुपारी त्याच गाडीचा पत्ता लागत नाही.

मध्यंतरी सातपूरच्या कारखान्यात रात्रपाळी करणारे एक गृहस्थ आले. सकाळी साडेसातला घरी पोचतात, जेवतात, पडदे ओढून झोपतात. "मी काय ऐकू?" म्हटलं, "यमन लावा. तुमची रात्र तेव्हाच सुरू होते." पंधरा दिवसांनी भेटले तेव्हा हसत होते. झोप छान लागते म्हणे, पण बायको रोज ओरडते, "अहो, सकाळी सकाळी हे दिवेलागणीचं काय लावलंय?"