एक्स-रेची ट्यूब आणि ड्यूटीचा रकाना

गेली अकरा वर्षं मी सांगली जिल्ह्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयाची खरेदी बघते. मागच्या आठवड्यात एक्स-रे मशीनची ट्यूब, म्हणजे किरणं तयार करणारा भाग, गेली. "मॅडम, कट्‌कन आवाज आला आणि बंदच," टेक्निशियन धावत येऊन म्हणाला. दुपारी कोटेशन आलं. माझी नजर थेट तळाच्या बारीक ओळीवर गेली: ‘कस्टम ड्यूटी प्रत्यक्ष असेल त्याप्रमाणे.’ म्हणजे माल बंदरात उतरेपर्यंत आयातीवरच्या या कराचा दर बदलला, तर फरक आमच्या माथी.

2024 च्या जुलैमधल्या अर्थसंकल्पात वैद्यकीय एक्स-रे मशीन बनवण्यासाठी लागणाऱ्या ट्यूबवरची ड्यूटी 15 टक्क्यांवरून 5 वर आणली. पण ती सवलत कायमची नव्हती: एप्रिल 2025 पासून साडेसात, एप्रिल 2026 पासून 10. तोवर देशात उत्पादन वाढावं, हा हेतू. हेतू मला पटतो. पण ट्यूब कधी जाईल ते आमच्या हातात नाही ना!

शिवाय 2020 पासून अनेक आयात उपकरणांवर 5 टक्के आरोग्य उपकर आहे. आणि खरी मेख पुढे आहे. उपचारांवर जीएसटी नाही, त्यामुळे खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे त्या कराची वजावटही आम्हाला मिळत नाही. तो सगळा खर्चातच धरावा लागतो. सप्टेंबर 2025 मध्ये बऱ्याच उपकरणांवरचा जीएसटी 5 टक्क्यांवर आला, तेव्हा मी खरंच सुटकेचा श्वास टाकला होता.

विश्वस्तांना टिपण दिलंय. एक्स-रेचा दर वाढवू नका, असं त्यात ठळक लिहिलंय. डायलिसिसच्या खोलीची रंगरंगोटी पुढच्या वर्षी करू.