ती मुद्दाम बोलत नाही का?

"घरात एवढी बडबड करते, मग शाळेत मुद्दाम गप्प बसते का?" माझ्या मुलीबद्दल नातेवाईक विचारतात, शिक्षक विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. मुद्दाम मुळीच नाही.

तिला बोलायचं असतं. पण वर्गात कुणी साधं नाव विचारलं तरी चेहरा एकदम कोरा होतो, मान ताठते, हात अंगाशी घट्ट आवळले जातात. बघणाऱ्याला हट्ट वाटतो, पण ती भीतीनं गोठलेली असते. बाथरूमला जायचंय हे सांगता येत नाही म्हणून ती शाळेत पाणीच प्यायची नाही. हट्टापायी कुठलं मूल स्वतःचे इतके हाल करून घेईल?

याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. १८७७ मध्ये आडोल्फ कुसमाउल या जर्मन डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं, तेव्हा त्यांनाही हे मौन स्वेच्छेचंच वाटलं होतं. आज त्याची गणना चिंताविकारांत होते. सुरुवात बहुधा पाच वर्षांच्या आतच होते, लक्षात येतं ते शाळेत गेल्यावर. शाळेच्या पहिल्या महिन्यातलं बुजणं यात धरत नाहीत. पण त्यानंतरही तोंड उघडत नसेल, तर "मोठी झाली की बोलेल" म्हणत थांबू नका. बालमानसतज्ज्ञांना दाखवा.

आम्हाला उपयोग झाला तो तज्ज्ञांनी आखून दिलेल्या छोट्या पायऱ्यांचा. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात आम्ही दोघी पत्ते खेळायचो. ती मोकळी बोलायला लागली की बाई दाराबाहेर येऊन उभ्या राहायच्या. पुढे आत येऊन, पाठमोऱ्या बसून वह्या तपासायच्या. मग शेजारच्या बाकावर. आवाज बंद झाला की बाई एक पायरी मागे जायच्या. किती धीराच्या होत्या त्या! हळूहळू त्या खेळात आल्या आणि मी दाराकडे सरकले. "आता तुम्ही टाका," हे तिचं बाईंशी पहिलं वाक्य.

तिला भेटलात तर "बोल ना गं" म्हणू नका. "लाल हवा की निळा?" असं विचारा आणि मनात पाच आकडे मोजा. तिच्या वतीनं मीही लगेच उत्तर देणार नाही. बोट दाखवलं तरी चालेल. आणि बोललीच, तर "अय्या, बोलली!" नको, सगळ्यांच्या नजरा वळतात. "बरं, निळा घे," एवढंच म्हणा.